डाव्या हाताची चित्रं

कापूस फुटला की बेलखेडीची अंगणवाडी रिकामी होते. बाया सकाळी सातलाच वेचणीची ओटी बांधून निघतात, आणि घरी सांभाळायला कुणी नसलं की लेकरूही कडेवर निघतं. शेताच्या धुऱ्यावर झोळी, झोळीजवळ पाण्याची कॅन, कॅनजवळ लेकरू. रजिस्टरात नावं सव्वीस. जूनमध्ये पंधरा यायची, पोळ्यानंतर अकरा. आता कार्तिकात सहा उरली होती, आणि त्या सहांतला योगेश फक्त मेणखडू खायला यायचा.

अंगणवाडीत बाया दोन. अमिता कार्यकर्ता. तिला लेकरं मॅडम म्हणत, गाव मॅडम म्हणे, चारचौघांत नवराही म्हणे. मनकर्णा सहायिका. झाडझूड, पाणी, लेकरं घरून आणणं, पोचवणं, शी-शू, जेवण वाटणं हे तिच्याकडे. तिला मावशी म्हणणारे गावात दीडशेच्या वर निघतील. आई म्हणणारा एक, मंगेश, तो सुरतेला होता आणि त्याचा फोन आखाडीनंतर आला नव्हता. आजी म्हणणारी एक, चंचल, ती आईबरोबर बोरगावला जाऊन पंधरा महिने झाले होते. मावशीपणात मनकर्णा श्रीमंत होती असं म्हणायला हरकत नाही.

मंगेश दारू पीत नव्हता, बायकोला मारत नव्हता. फक्त घरी येत नव्हता. सून अश्विनीनं दोन वर्षं वाट पाहिली, मग एका सकाळी पोरीला घेऊन बोरगावच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला गेली. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवायला कुणीतरी गेलं असतं. सुनेनं या म्हटलं नाही, सासू गेली नाही, आणि दोघी आपापल्या जागी बरोबर राहिल्या.

नवरा नत्थूजी दसऱ्यापासून दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात राखणीला बसे, तो तिथंच झोपे. मनकर्णा रोज दुपारी त्याला भाकर नेऊन देई. तो म्हणे, "ठेव." ती म्हणे, "ठेवली." एवढ्यावर संसार चाले.

आता फाईलींचं. वरून हुकूम होता की लहान लेकरांनी चित्रं काढावी, मातीची कामं करावी, गाणी म्हणावी, आणि दर महिन्याला प्रत्येक लेकराच्या फाईलीत चार कागद पडावे. एक मेणखडूचं चित्र, एक बोटाच्या ठशांचं, एक पानं-बिया चिकटवलेलं, आणि एक 'मनानं काढलेलं'. मनानं काढलेलं हे कुणा शिकलेल्या माणसाला सुचलं असणार. हुकूम काही वाईट नव्हता. लेकरू आलं असतं तर त्यानं काढलंही असतं. पण फाईली सव्वीस आणि हात बारा.

पहिल्या वर्षी रिकाम्या फाईली अमितानंच भरल्या. ती बी.ए. झालेली, हात सुबक. सुपरवायझर प्रतिभा मॅडम पांढुर्ण्याच्या. इथलं सरकार हिंदीतलं, म्हणून घरी मराठी आणि फाईलीत हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी फाईली पाहिल्या आणि एवढंच विचारलं, "अमिता, तुम्हारे गाँव के बीसों बच्चे आम का डंठल एक ही तरफ निकालते हैं?"

देठ खरंच सगळे एकाच बाजूला होते. अमिता चार दिवस जेवली नाही. पाचव्या दिवशी तिनं खडूंचा डबा मनकर्णेपुढं सरकवला.

"मावशी, तुमी करून पाहा."

"मले कुठं येते वो बाई? दुसरीतून सुटली मी."

"म्हनूनच तं."

मनकर्णेचा उजवा हात रांगोळीत वाढलेला. तिची रेघ दोरीसारखी सरळ जाई, म्हणजे तीही पकडली गेली असती. मग तिनं खडू डाव्या हातात धरला. त्या हातानं तिनं जन्मात भाकर थापली नव्हती. हात थरथरला, रेघ भरकटली, गोल काढता काढता वांगं झालं. अमितानं पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "हेच पायजे, मावशी."

लेकरं घरी गेली की मनकर्णा भांडी घासून उंबऱ्यावर बसे. जी लेकरं कधीतरी येऊन गेली होती त्यांचा हात तिला ठाऊक होता. वैभव खडू दाबून धरायचा, कागद फाटेस्तोवर. ऋतुजा सारं चित्र एका कोपऱ्यात काढायची, कागद उरवून ठेवायची, जशी तिची आजी साबण उरवते. संदीप फक्त चाकं काढायचा, गाडी त्याला नकोच असे. मनकर्णा एकेकाचा हात आपल्या डाव्या हातात घेई आणि काढत जाई. काढता काढता पुटपुटेही. "हात तिकडं कुठं चालला रे संद्या?" बाहेरून जाणाऱ्याला वाटे, अंगणवाडी अजून भरलेली आहे.

चंचलची गोष्ट वेगळी. चंचल गेली तेव्हा तीन वर्षांची व्हायला दोन महिने होते. तिनं खडू कधी धरलाच नव्हता. तिचा हात मनकर्णेला मनातून काढावा लागला. पहिल्या महिन्यात नुसत्या रेघा, कागदाच्या बाहेर जाणाऱ्या. मग रेघा वळायला लागल्या. चौथ्या महिन्यात एक गोल मिटला. तो मिटला त्या दिवशी मनकर्णेनं अमिताला बोलावून दाखवला. "पाह्यलं का, जमला तिले." अमितानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कागदावर नाव घातलं. फाईल भरते आहे तर बोलायचं कशाला. पुढं गोलाला डोळे आले, डोळ्यांखालून थेट पाय फुटले, मग हात आले ते पायांपेक्षा लांब. तेरा महिन्यांत बावन्न कागद झाले. प्रत्येकावर अमिताच्या अक्षरात लिहिलेलं: चंचल, पिता मंगेश.

घात झाला तो इथंच. कार्तिकात प्रतिभा मॅडम आल्या, त्यांनी सवयीनं पाच-सहा फाईली चाळल्या, चंचलची उघडली आणि खुर्ची ओढून बसल्या. पुढून मागे पाहिलं, मागून पुढे पाहिलं. चष्मा पुसला.

"ही पोरगी वाढते आहे," त्या मराठीत म्हणाल्या. मॅडम मराठीत आल्या म्हणजे गोष्ट मनाची होती. "माझ्याकडे एकतीस केंद्रं आहेत, अमिता. सगळीकडे जूनमध्ये जसा आंबा तसा दिवाळीत आंबा. ही एकटी वाढते आहे. हे पाहा, इथं हात आले. कुठं आहे ही?"

अमिता म्हणाली, "आज... कापसात गेली, मॅडम. आईसंगं."

"पुढच्या बुधवारी पांढुर्ण्याला बालमेळा आहे. तिला आणा. सगळ्यांसमोर काढेल. मी नाव पाठवते." त्यांनी मोबाईलवर तीन कागदांचे फोटो घेतले. जाताना मनकर्णेकडे वळून म्हणाल्या, "मावशी, नात ना तुमची? नशीबवान आहात."

मनकर्णा हातातली झाडणी उगाच दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "हो जी."

गाडी वळणाआड गेल्यावर अमितानं फाईल दोरीनं बांधली. "आता काय करता, मावशी? लेकरू नसताना फाईल भरली हे निघालं तं माह्यीही नोकरी जाते अन् तुमचीही जाते."

पहिला उपाय अमिताच्या डोक्यातून निघाला. ऋतुजाच चंचल म्हणून नेऊ. वय एकच, वेण्या दोन. तिला कापसातून बोलावून घेतलं आणि दोन दिवस तालीम चालली.

"तुझं नाव काय?"

"ऋतुजा."

"नाई नं, राजा. बुधवारी तुझं नाव चंचल. काय नाव?"

"चंचल."

"शाब्बास! मॅडमनं विचारलं तं काय सांगशील?"

"सांगीन का माह्यं नाव ऋतुजा आहे, पन बुधवारी चंचल आहे."

चार वर्षांच्या लेकराचा खरेपणा कुठल्याच सरकारी कामाचा नसतो. अमितानं हात जोडले. मनकर्णा म्हणाली, "राहू द्या. मी आनते चंचलले." ते ती अशा सुरात म्हणाली की जणू पोरगी शेजारच्या आळीत खेळायला गेली आहे.

रविवारी ती निघाली. रामाकोन्यापर्यंत पायी, तिथून सौंसर, सौंसरहून बोरगाव. पिशवीत आठ संत्री, मुरमुऱ्याचे लाडू, मेणखडूंची डबी आणि चंचलची फाईल. पोरीला दाखवावं लागणार होतं ना, ती काय काय काढते ते.

कारखान्याच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. रविवारीही पाळी चालू होती. अश्विनीच्या खोलीला बाहेरून कडी, कडीला कुलूप नव्हतं. शेजारची बाई दारात लसूण सोलत होती.

"कोन पायजे?"

"अश्विनी. मी बेलखेडीहून."

"ते डुटीवर. जेवाच्या सुट्टीत येते. पोरगी आहे आत. मीच पाहतो मंधामंधात." बाईनं कडी काढून दिली. "तुमी तिच्या कोन?"

मनकर्णा तोवर आत शिरली होती.

चंचल चटईवर बसलेली. पुढं डब्याला टेकवलेला जुना मोबाईल, त्यात कुठलं तरी नाचणारं मांजर. उंच झाली होती, पण मनकर्णेनं मनात वाढवली होती त्यापेक्षा बारीक. मनकर्णेला ती ओळखेल असं वाटलं होतं. पोरीनं एकदा वर पाहिलं, पुन्हा मांजर पाहिलं.

"चंचल, मी कोन?"

"काकूच्या घरची पाव्हनी."

मनकर्णेनं लाडू दिला. पोरीनं घेतला. लाडूला नातं लागत नाही. मग डबी उघडून तिनं कागद पसरला आणि हिरवा खडू पोरीच्या हातात दिला. "काढ बरं काही. गोल काढ."

चंचलनं खडू मुठीत धरला, जसा लाटणं धरतात. हुंगला. उलटा करून पाहिला.

"हे खाचं आहे?"

"नाई वो माय. असं, कागदावर चालवाचं."

मनकर्णेनं तिची मूठ धरून रेघ ओढली. रेघ उमटली तशी पोरगी दचकली, मूठ सोडवून घेतली आणि कागद उलटून खाली पाहिलं, ती रेघ कुठून आली ते. मग पुन्हा मोबाईल. मनकर्णा फाईल मांडीवर घेऊन बसून राहिली. फाईलीत चंचल माणसाला दहा बोटं काढत होती. चटईवरची चंचल पहिल्या महिन्याच्याही अलीकडं होती.

अश्विनी आली ती घाईत. डोक्याला कारखान्याची जाळीची टोपी तशीच. सासूला पाहून दारातच थांबली, मग पदर सारखा करून वाकली, पाया पडली. रीत मोडली नाही. पोरीला ताट वाढलं, सासूपुढं पाणी ठेवलं.

"कसं येनं केलं, आई?"

मनकर्णेनं बालमेळ्याचं सांगितलं. फार घोळवून सांगितलं. अश्विनी भाजी-पोळी खात ऐकत होती. तिच्याकडे वीस मिनिटं होती आणि त्यातली सात गेली होती. तिची नजर फाईलीवर गेली, वरच्या नावावर अडकली. हात पुसून तिनं फाईल ओढली आणि एकेक कागद उलटायला लागली.

"हे कोनं काढलं?"

मनकर्णेनं डावा हात पदराखाली घेतला.

"म्हंजे तुमच्याइथं माह्यी पोरगी चित्र काढून राहिली," अश्विनी हळूच म्हणाली. आवाज चढवायला तिला वेळ नव्हता. "अन् इथली मॅडम मले तीन डाव वापस पाठवते. म्हनते, हिचं नाव बेलखेडीत चालू आहे, तिथं रोज हजर आहे, एका लेकराचं नाव दोन जागी चढत नाई, तिथून काढून आना. मी तुमच्या पोराले फोन केला सुरतेले. म्हने सांगतो. मले वाटलं तुमी तिच्या नावावरचं जेवन उचलून राहिल्या."

"नाई वो! देवाची आन."

"जेवन उचललं असतं तं बरं होतं, आई. जेवन मी देते तिले. वर्ष झालं पोरगी या कडीच्या आत बसून आहे. बाजूच्या खोल्यातली लेकरं गानं म्हनत येते अंगनवाडीतून, हे दाराच्या फटीतून पाहते. एक गानं येत नाई तिले."

मनकर्णेला आठवलं. यंदाच्या आखाडीत अमितानं विचारलं होतं, "मावशी, बोरगावच्या अंगणवाडीतून फोन आला, चंचलचं नाव काढू का?" आणि ती चूल पुसता पुसता म्हणाली होती, "राहू द्या नं मॅडम. दिवाळीले येतेच ते." दिवाळी येऊन गेली. तेव्हा तिनं फक्त एक नाव राखलं असं तिला वाटलं होतं. गावात पोरीचं दुसरं काही उरलंच नव्हतं. कपडे आईनं नेले, पाळणा मोडला. रजिस्टरात एकोणिसावं नाव तेवढं होतं, रोज हजर.

कारखान्याचा भोंगा झाला. अश्विनी उठली, टोपी सारखी केली. "मेळ्याले न्याची तं न्या. नाई म्हनत नाई, तुमचीही नात आहे. पन मंग? मेळ्यातून वापस आनून याच कडीत टाकू?"

आणि ती पाळीला गेली.

सोमवारी दुपारी मनकर्णा भाकर घेऊन बगीच्यात गेली. नत्थूजी गोफण घेऊन माकडांवर ओरडत होता. त्या बगीच्यात तो माणसांपेक्षा माकडांशी जास्त बोले, आणि माकडं उत्तरं देत.

"पाह्यली का पोरगी?" त्यानं विचारलं.

"पाह्यली."

"आपल्यावर गेली का तिच्यावर?"

"तिचं नाव काढावं लागते रजिस्टरातून."

नत्थूजीनं गोफण खाली ठेवली. "नाव नोको काढू. नाव आहे तं उद्या बोलावता येते. नाव गेलं तं काय म्हनून बोलावशील?"

"नावापायी ते घरात कोंडून आहे नं वो."

त्यानं भाकर सोडली, मिरची चुरली. पलीकडच्या झाडावरून एका माकडानं संत्रं तोडलं, सोललं, अर्धं खाऊन फेकलं, तरी तो उठला नाही. शेवटी म्हणाला, "मंग तुह्यं तू पाह्य." आणि पहिल्यांदाच पुढं बोलला, "तिले अजून तो आवाज करता येते का, कोंबडीचा?"

"मी नाई विचारलं."

"विचाराचं होतं नं," तो म्हणाला.

मंगळवारी प्रतिभा मॅडम मेळ्याचं पक्कं करायला आल्या. अमितानं नव्या साडीत चहा केला होता आणि मनात तीन खोट्या गोष्टी तयार ठेवल्या होत्या. ताप, लग्न, अंगावर निघालेली माता. त्यातली कुठली काढावी हे ठरायच्या आत मनकर्णा पुढं झाली.

"मॅडम, चंचल नाई इथं. बोरगावले आहे आईपाशी. चित्रं म्याच काढली."

अमितानं चहा मॅडमकडं आणखी पुढं सरकवला.

मॅडम हसल्या. मोठ्या माणसाला लेकराच्या तोंडचं खरं वाटत नाही, तसंच सहायिकेच्या तोंडचंही. "मावशी, हे मोठ्या माणसाला जमत नाही. मी ट्रेनिंग घेतलंय. हा गोल पाहा..."

मनकर्णेनं कागद घेतला, डाव्या हातात खडू घेतला आणि विचारलं, "कोनाचं काढू?"

"म्हणजे?"

"वैभवचं काढू?" तिनं खडू दाबला. काळा ट्रॅक्टर उमटत गेला आणि चाकापाशी कागद फाटला. मग दुसरा कागद. कोपऱ्यात बोटभर बाहुली, बाकी सगळं कोरं. "हे ऋतुजाचं."

खोलीत रोजची सहा लेकरं होती, आणि तालमीपासून यायला लागलेली सातवी. ऋतुजा जवळ येऊन म्हणाली, "हे म्या नाई काढलं." कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

मॅडमनी चष्मा काढला. "चंचलचं काढा," त्या म्हणाल्या, जरा हट्टानं.

मनकर्णेनं तिसरा कागद ओढला. खडू टेकवला. हात तिथंच राहिला. चटईवरची मूठ डोळ्यांपुढं आली आणि रेघ पुढं जाईना.

"नाई निघत आता," ती म्हणाली.

मग तिनं बोरगावचं सांगितलं. कडी, फट, तीन वेळा परत पाठवलं ते. घोळवलं नाही. मॅडम ऐकत होत्या. तीन फोटो जिल्ह्याला गेले होते, नाव छापून यायचं होतं, यात त्यांचीही मान अडकली होती. मान अडकली की माणूस विचार चांगला करतं.

"अशा किती फाईली आहेत, अमिता?" त्यांनी विचारलं, आणि अमितानं तोंड उघडताच हात वर केला. "नको. आकडा ऐकला तर मला लिहावा लागेल. चंचलचं नाव आत्ता बोरगावला टाका. माझ्यासमोर."

अमितानं मोबाईल काढला. रेंज यायला ती अंगणात गेली, मग चबुतऱ्यावर चढली. एकोणिसावं नाव तिथून गेलं, बोरगावच्या मॅडमना तसा फोनही गेला. यादीत विसावं होतं ते एकोणिसावं झालं, आणि मधे जागा काही राहिली नाही.

मेळ्याला ऋतुजाला न्यायचं ठरलं, ऋतुजाच्याच नावानं. तिनं तिथं मोठ्या कागदाच्या कोपऱ्यात बोटभर बाहुली काढली. नंबर आला नाही. बाकीच्या फाईलींबद्दल मॅडम बोलल्या नाहीत. न बोलणं हाही एक हुकूमच असतो. मनकर्णेला तो कळला आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा उंबऱ्यावर बसली, वैभवचं, संदीपचं काढत. आता ती पुटपुटत नसे.

मोबाईलमधलं नाव एका बोटानं गेलं, फाईल मात्र माणसानं न्यायची होती. फाईल लेकरामागं जाते असा नियम आहे. अमिता म्हणाली, "अशीच देऊन टाका, मावशी. तिथल्या मॅडमही खुश होतील."

मनकर्णेनं दोरी सोडली आणि बावन्न कागद बाहेर काढले. हे पुढ्यात ठेवून तिथल्या बाईनं पोरीला म्हटलं असतं, काढ आता अशी दहा बोटं. आणि पोरीनं खडू हुंगला असता. तिनं कागद उलटे करून पाहिले. मागची बाजू कोरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सहा लेकरांत वाटून टाकले. योगेशनं आपल्या कागदाची होडी मागितली, ती तिनं उजव्या हातानं करून दिली.

शुक्रवारी ती बोरगावच्या अंगणवाडीत पोचली तेव्हा अकरा वाजत होते. खोली गच्च होती, बत्तीस-तेहतीस लेकरं, भिंतीला टेकून रांगा. चंचल तिसऱ्या रांगेत, दोन दिवसांची जुनी झालेली. पुढं कागद, मुठीत खडू. शेजारच्या पोराकडे बघत ती ओढत होती, कागद संपला की फरशीवर, फरशीवरून पुन्हा कागदावर. वर पाहायला तिला सवड नव्हती.

तिथल्या मॅडम तरुण होत्या. "कोण तुम्ही?"

मनकर्णेनं एकदा तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. "बेलखेडीच्या अंगणवाडीतली सहायिका. फाईल द्याले आली."

मॅडमनी फाईल उघडली, झटकली, आतून काही पडतं का पाहिलं. "यात तर एकही कागद नाही. तिथं तर हिची रोजची हजेरी दिसत होती."

"तिनं अजून काही काढलंच नाई जी," मनकर्णा म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, पण तेवढ्यात दोन पोरांची झोंबी लागली आणि विषय सुटला. आवक-जावकच्या वहीत तिनं सही केली. परतीची बस दोनला होती. ती बाहेर पायरीवर बसली. आतून गाणं सुरू झालं, हिंदीतलं, मग एक मराठीतलं. तिनं कान दिला, पण बत्तीस आवाजांतून एक वेगळा निघेना.

जेवण शिजवणाऱ्या बचत समूहाच्या बाया खिचडीचं पातेलं घेऊन आल्या. तिथली सहायिका एकटीच होती, कमरेला पदर खोचून धावत होती. हिला पायरीवर पाहून म्हणाली, "बाई, बसूनच आहा तं वाढू लागा नं जरा. मी ताटं मांडतो."

मनकर्णा उठली. पळी हातात घेतली. लेकरं हात धुऊन रांगेनं येत होती आणि सवयीप्रमाणे दोन्ही तळवे पुढं करून दाखवत होती. ती पाहत होती, वाढत होती. एक पळी, पुढं. एक पळी, पुढं. सतरावी की अठरावी चंचल आली. तळवे ओले होते, पण बोटं हिरवी, नखांच्या आत हिरवं. वाढणाऱ्या बाईनं रांगेबाहेर काढू नये म्हणून तिनं आधीच सांगून टाकलं, "म्या धुतले. हे जातच नाई."

"नाई जात," मनकर्णा म्हणाली. "ताट धर."

पोरीनं ताट धरलं. मनकर्णेनं पळी भरली, सगळ्यांना घातली तेवढीच घातली, आणि मागच्या लेकराचे हात पाहिले.